बंद शेडमधला सूर्य

२ एप्रिल

आणि हेही ऐकून ठेव ताई, की घड्याळ मी ढापलेलं नाही. आजोबांनी स्वतःच्या हातानं माझ्या मनगटाला बांधलं. तू तेव्हा मिरच्यांच्या शेडवर कामाला होतीस म्हणून तुला दिसलं नाही. तुला दिसलं नाही म्हणजे ते झालंच नाही, हा कायदा फक्त आपल्या घरात आहे. आता म्हणे जवळच्या लास क्रूसेस शहरातला कुणी जुन्या वस्तूवाला त्याचे साडेतीनशे डॉलर देतो, आणि तेवढ्यात आईच्या छपरावरचा कूलर होतो. मग दोन वर्षं मी ते हातात घालून तुझ्यासमोर हिंडत होतो, तेव्हा कूलर नाही आठवला?

हे सगळं फोनवर सांगायचं होतं. पण या दरीत मोबाइलला रेंज नाही. जेवणघरात तारेचा एक फोन आहे, त्यापुढं कायम रांग. मागं चार माणसं उभी असताना बहिणीशी नीट भांडता येत नाही. म्हणून ही वही घेतली. वही उलट बोलत नाही, एवढाच तिचा दोष.

अलास्का म्हणजे काय ते एका वाक्यात लिहितो: नाक आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. फेअरबँक्सपासून तासभर आत, बर्फाच्या माळावर रॉकेटं उडवतात. तिकडं न्यू मेक्सिकोत, आमच्या हॅच गावात आत्ता लोक सदरे काढून पाटाचं पाणी वळवत असतील. हे माझं नववं काम. ताईचं म्हणणं, मी कुठंच दोन पगार टिकत नाही. तिसऱ्या कामावर तीन पगार झाले होते, ते ती मोजत नाही.

काम असं: रॉकेटला थर्माकोलचं खोकं करायचं. थट्टा नाही. दोन ट्रक एकापुढं एक लावावेत एवढं लांब ते रॉकेट, रुळावर आडवं पडलेलं. त्याला थंडी बाधू नये म्हणून चारी बाजूंनी थर्माकोलचे तक्ते चिकटवायचे आणि आत गरम हवा सोडायची. मुकादम डेल्बर्ट, वय सत्तर, जन्म इथलाच. त्याला विचारलं, "उडायच्या वेळी खोकं कोण काढतं?"

"कोणी नाही. फोडून जातं."

"मग तुकडे?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं.

५ एप्रिल

आज डॉक्टरबाईंनी रॉकेट कशासाठी ते सांगितलं. डॉक्टर लिंडक्विस्ट. औषधाच्या नव्हे, सूर्याच्या. डोक्यावर एकावर एक दोन टोप्या घालतात आणि तिसरी शोधत असतात.

ग्रहणात सूर्याभोवती पांढरा मुकुट दिसतो, त्याला कोरोना म्हणतात. (हे नाव ऐकलं की डेल्बर्ट अजून नाक झाकतो.) तर सूर्याच्या अंगापेक्षा हा मुकुट शेकडो पट गरम. म्हणजे शेगडीपासून लांब जावं आणि जास्त भाजावं. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही.

"मोठा भडका उडाला तर सगळ्यांनाच दिसतो," बाई म्हणाल्या. "पण काहीही घडत नसतानासुद्धा ते तापलेलंच असतं. मला वाटतं, बारीक बारीक भडके सतत उडत असणार. इतके बारीक की एकेक दिसत नाही. पण ते उडत असतील तर मागं थोडासा फार गरम प्लाझ्मा उरला पाहिजे. एक कोटी अंशाचा. चिमूटभर."

"प्लाझ्मा म्हणजे?"

"इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंच्या चिंध्या झालेल्या असतात."

मी म्हणालो, "म्हणजे आमचं घर."

बाईंना कळेना. मग समजावलं. आमच्याकडं कुणी ओरडत नाही, भांडी आपटत नाही. पण ताईचा एक टोमणा, माझा एक, आईचा एक उसासा, असं दिवसभर. बाहेरचा माणूस आला की म्हणतो, घर एवढं तापलंय आणि भांडण तर कुठं दिसत नाही!

बाईंनी खिशातून पेन काढून हातावर काहीतरी लिहून घेतलं. डेल्बर्ट म्हणाला, "जिंकलास लेका. आता तक्ते उचल."

तर त्यांना सूर्य गप्प हवा आहे. पण अगदी मेलेला नको. एखादा डाग हवा आणि त्या डागावर भडका नको. मुलगी बघायला जातानासुद्धा लोक एवढ्या अटी घालत नाहीत.

८ एप्रिल

दुर्बिणीचा भाग अजून शेडमध्ये आहे. आज तिचा डोळा, म्हणजे किरण टिपणारा तुकडा, गार केला. एक कोटी अंशाची वस्तू बघायची तर डोळा बर्फाहून गार लागतो. ते काम माझ्याकडं: द्रव नायट्रोजनची टाकी ढकलत आणायची, नळी डोळ्यापाशी धरायची आणि हलायचं नाही. हलू नकोस असं मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं, पगार देऊन सांगणाऱ्या बाई पहिल्याच.

दुर्बिणीवर झाकण. शेडची दारं बंद. बाहेर ढग. सूर्याचा कुठं पत्ता नाही. आणि शुन्सुकेच्या स्क्रीनवर ठिपके, जे फार गरम प्लाझ्माचा किरण डोळ्यात शिरला तरच उठायला हवेत. शुन्सुके हा जपानहून तो डोळा घेऊन आलेला विद्यार्थी. इतका सभ्य की सकाळी रॉकेटलाही वाकून नमस्कार करतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "क्षमा करा डॉक्टर, पण आपल्याला एक कोटी अंशाचा प्लाझ्मा दिसतोय."

"कुठं?"

"इथं. शेडमध्ये."

डेल्बर्टनं जाकिटाची चेन खाली ओढली. "तरी म्हटलं आज उकडतंय."

मी एकटाच हसलो. मग मीही थांबलो, कारण बाईंचा चेहरा नळीतल्या नायट्रोजनसारखा झाला होता.

९ एप्रिल

सगळ्यांनी मिळून ठरवलं की हा विजेचा खोडसाळपणा. कुठल्यातरी यंत्राची वीज डोळ्यात शिरते आणि ठिपके उठतात. म्हणून शेडमधून वीज हद्दपार. फोन बाहेर, बॅटऱ्या बाहेर, हातातली घड्याळं बाहेर, भिंतीवरचं घड्याळ बाहेर, डेल्बर्टच्या कानातलं यंत्रसुद्धा बाहेर. आता त्याच्याशी खाजगी बोललं तरी सगळ्या दरीला कळतं.

मग अडचण अशी आली की तपासणीत दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी वेळ पुकारावी लागते, आणि वेळ सांगणारं काही आत उरलंच नाही. मी हळूच बाही वर केली.

"किल्लीचं आहे?" बाईंनी माझं मनगट धरून उलटसुलट केलं. "बॅटरी नाही?"

"नाही बाई. आजोबा रेल्वेत रात्रपाळीला होते. सांगायचे, तेव्हा अंधारात याचे काटे मांजराच्या डोळ्यांसारखे हिरवे दिसायचे. दिव्याची गरज नाही. आता ती चमक गेली. आकडेही करपून तपकिरी झालेत बघा."

"सुंदर!" बाई म्हणाल्या. "हेच वापरू. यात बिघडवण्यासारखं काहीच नाही."

आता मी डोळ्याला अगदी खेटून उभा असतो. उजव्या हातात नळी, डावं मनगट नाकापुढं, आणि पुकारतो. ताई, हे तू बघायला हवं होतंस. ज्या घड्याळाचा तू कूलर करणार होतीस, त्यावर सूर्य शोधायचा कारभार चाललाय.

१० एप्रिल

ठिपके दुप्पट झाले.

१२ एप्रिल

नायट्रोजन आणायला ट्रक घेऊन फेअरबँक्सला गेलो होतो. परत येतो तर दारात बाई हसत उभ्या. दिवसभर शेजारच्या शेडच्या उसन्या टाकीवर काम चालवलं, आणि एकही ठिपका नाही! निष्कर्ष निघाला: जुना नायट्रोजन नासका होता. शुन्सुकेनं माझे दोन्ही हात धरले. डेल्बर्टनं, ऐकू येत नसताना, "शाब्बास" म्हटलं.

नवा नायट्रोजन लावला. मी नळी धरली, वेळ पुकारू लागलो. तिसऱ्या पुकाऱ्याला ठिपके आले. शुन्सुकेनं टाकीला नमस्कार केला आणि बाहेर जाऊन बर्फात उभा राहिला.

मग मी माझं मत दिलं. म्हणालो, थर्माकोल असणार. स्वेटरला घासला की चिटचिट करतो. बाई इतक्या टेकीला आल्या होत्या की त्यांनी ते मानलं. मी आणि डेल्बर्टनं शेडमधला सगळा थर्माकोल दुपारभर बाहेर ओढला. ठिपके होते तसेच.

"पोरा," डेल्बर्ट ओरडला, "यापुढं मत आलं की गिळत जा."

१३ एप्रिल

बाई पायरीवर एकट्या बसल्या होत्या. मी डुकराचं मटण लाल मिरचीत शिजवलं होतं, त्यातलं वाडगाभर नेऊन दिलं. विचारलं, "ठिपके असले तरी उडवा की. एवढं काय?"

"हवेच्या वर आपल्याला सहा मिनिटं मिळतात एलिसेओ. तेवढ्यात सूर्याकडून मूठभर ठिपके येतील, आले तर. त्यात शेडमधले मिसळले, तर सूर्याचे कुठले आणि आपले कुठले? लोक म्हणतील, हिला स्वतःच्या शेडमध्येच सूर्य दिसतो." चमचा वाडग्यात फिरवत राहिल्या. "आठ वर्षं यात घातलीत. अठरा तारखेनंतर हा माळ दुसऱ्यांचा. आणि मला पुन्हा कोणी रॉकेट देणार नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरची हॅचची आहे, सवय नसेल तर लागते. मी पाणी आणून दिलं.

१४ एप्रिल

रांगेत उभा राहून फोन केला.

"कोण?"

"मी."

"काम सुटलं?"

"नाही."

"मग फोन कशाला केलास?"

सांगितलं की इथं भयंकर अडचण आहे, बाईंचं आठ वर्षांचं काम बुडायला आलंय, आणि मला वाटतं मी निघावं, कारण मी नळी धरली की ठिपके येतात, माझा पायगुणच वाईट.

"हे तुला आत्ता कळलं?" ताई म्हणाली. आणि वर, "त्या बाईला सांगून जायचं. चोरासारखं नाही. घड्याळ घेऊन गेलास तसं."

"घड्याळ आजोबांनी मला—"

मागचा माणूस खाकरला. फोन ठेवला. सांगून जायचं तर बाईंपुढं उभं राहावं लागेल. त्यापेक्षा नळी धरणं सोपं.

१५ एप्रिल

सापडलं.

सकाळी शुन्सुके म्हणाला, "क्षमा करा, पण वीज नसेल तर?" वीज नसेल तर किरणं. किरणं कुठून येणार? डेल्बर्ट कोपऱ्यात केळं खात होता. शुन्सुके त्याच्याकडं बघत राहिला. केळ्यात म्हणे किंचित किरणं असतात. किरणं मोजायचा एक पिवळा डबा आहे, तो आठवडाभर कपाटातच होता, कारण पहिल्या दिवसापासून सगळे विजेच्या मागं लागलेले.

डबा केळ्याला लावला. डबा गप्प. डेल्बर्टच्या खिशातल्या दुसऱ्या केळ्याला लावला. गप्प. "मी निर्दोष!" डेल्बर्ट ओरडला. बुटांना, टाकीला, नळीला लावला. गप्प. नळी मी धरली होती. शुन्सुके डबा माझ्या हातापर्यंत आणतो तोच डबा असा किर्रर्र ओरडला की मी नळी टाकली. उजव्या हाताला नेला, आवाज बसला. डाव्याला आणला, किर्रर्र.

मग डेल्बर्ट म्हणाला, "पोरा, तुझा आजोबा होता की अणुबाँब?"

काट्यांवरची ती हिरवी चमक रेडियमची, आणि रेडियम सतत किरणं सोडतं. चमक मेली तरी रेडियम मरत नाही, हजार दीड हजार वर्षं जगतं. आणि आम्ही शेडमधली एकूणएक निरुपद्रवी घड्याळं बाहेर काढून नेमकं हेच डोळ्याला चिकटवून उभं केलं होतं. मी फेअरबँक्सला गेलो तेव्हा तेही माझ्याबरोबर गेलं.

डॉक्टरबाई खाली फरशीवर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. टोप्या पडल्या तरी हसत होत्या. "मीच म्हटलं होतं," त्यांना बोलता येईना, "यात बिघडवण्यासारखं काहीच नाही!"

मी हसलो नाही. मी सामान बांधायला गेलो. डेल्बर्ट मागून आला आणि म्हणाला, सामान राहू दे, थर्माकोलला अजून एक थर द्यायचाय.

१६ एप्रिल

घड्याळ शिशाच्या पत्र्याच्या पेटीत. वर पिवळं लेबल, त्यावर माझं नाव आणि "धोका". शाळेत मास्तर तोंडी म्हणायचे, इथं छापून मिळालं. मनगट मोकळं मोकळं वाटतं. तपासणीत ठिपका नाही. दुर्बीण रॉकेटवर चढवली, मी खोकं बंद केलं.

१७ एप्रिल

सकाळी आभाळ निळं. सूर्यावर एकच डाग, आणि डाग गप्प. बाई म्हणाल्या, "आज." डोळा गार केला. स्क्रीनवर शून्य. दहा मिनिटांनी शून्य.

आता बाईंना नवीन भीती. "फारच गप्प आहे. डोळा नुसता शांत आहे, की मेलाय?"

शुन्सुकेनं मान खाली घातली. डोळा जिवंत आहे का बघायला सरकारी शिक्क्याची एक किरणांची चकती असते. तपासण्या संपल्या म्हणून ती नियमाप्रमाणे काल परत गेली. आणायला सबंध दिवस जाणार. उद्या वादळ सांगितलंय.

बाई माझ्याकडं वळल्या. "एलिसेओ, आजोबांना बोलाव."

मी पेटी घेऊन शिडीवर. थर्माकोलला चाकूनं खिडकी पाडली आणि आत चिमट्यात धरलेलं घड्याळ नेलं. डेल्बर्ट, आता कानात यंत्र घातलेला, खालून ओरडतोय, "अजून जवळ! अरे मुका घ्यायचाय का तिचा, एवढा लाजतोस कसला?" नळाला कान लावून पाण्याची वाट बघतात तशी मी वाट बघत होतो. मग तिकडून शुन्सुकेचा आवाज आला. त्याला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "ठिपके! भरपूर ठिपके!"

घड्याळ पेटीत, पेटी ट्रकमध्ये, ट्रक लांब. मी खिडकीला थिगळ लावलं आणि सगळे पळालो.

दुपारी रॉकेट गेलं. माझं खोकं असं फुटलं की क्षणभर वरूनही बर्फ, खालूनही बर्फ. दोन आठवड्यांचं काम एका सेकंदात चुरा झालेलं बघून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

हवेच्या वरची सहा मिनिटं सुरू झाली. बाईंनी माझी बाही धरली होती, मोकळ्या मनगटाची. मग शुन्सुके उभा राहिला, वाकला, आणि म्हणाला, "क्षमा करा डॉक्टर, पण आपल्याला एक कोटी अंशाचा प्लाझ्मा दिसतोय."

"कुठं?"

"सूर्यावर."

बाई लगेच म्हणू लागल्या की कदाचित, नक्की काही सांगता येत नाही, पडताळायला महिने जातील. पण टोपी उलटी घातली होती आणि कुणी सांगितलं नाही.

तुकडे वेचायला गेलो. थर्माकोल पांढरा, बर्फ पांढरा. हे काम कुणी शोधून काढलं त्याला भेटायचंय.

१९ एप्रिल

पगार झाला. आज रांगेत मागं कोणी नव्हतं.

"ताई, त्या घड्याळातून किरणं निघतात."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आजोबा ब्याण्णव वर्षं जगले."

"हो."

"रोज हातात घालून."

"हो."

"तरीच माझ्या स्वयंपाकाला चव नाही म्हणायचे." आणि लगेच, "पाठव ते. वस्तूवाला कदाचित जास्त देईल."

"पोस्टात चालत नाही. पेटीत कुलूपबंद आहे. बाईंनी विचारलं, पुढच्या रॉकेटला ठेवू का. म्हटलं, माझ्या नावाच्या लेबलासकट ठेवा."

"म्हणजे घड्याळ तुला आणि उकाडा आईला."

हे खरं होतं. ती म्हणाली, "पुढच्या रॉकेटला म्हणजे? तू तिथंच राहणार?"

"डेल्बर्ट म्हणतो, हिवाळ्यात चार उडणार आहेत. थर्माकोल कापणारा लागेल."

"टिकतोयस की काय?"

"बघतो."

"बघ. हात धुवत जा. साबणानं." आणि ठेवला.

कूलरचे साडेतीनशे पाठवायचे ठरवलं. घड्याळ माझं नव्हतं, हे कबूल केलं म्हणून नव्हे. आईला उकडतं म्हणून. पण पैसे पाठवायचा खर्च बारा डॉलर पडतो, तो मी का सोसायचा? ताईच्या रकमेतून कापला. आकडा बघितला की ती सगळी कामं टाकून इथं फोन लावेल, रांग असो नसो.

पाठवतोय: तीनशे अडतीस डॉलर.